काच अकोल्याहून यायची आहे

मंगरूळपिरात घरातलं कोणी गेल्याशिवाय जगदेव खिल्लारेच्या दुकानाची पायरी सहसा कोणी चढत नाही. माणूस तसा वाईट नाही, पण धंदाच असा. बसस्टँडकडून दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंक्चरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे अंग चोरून बसलेलं 'खिल्लारे फोटो फ्रेम अँड ग्लास' हे त्याचं दुकान. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा आधार कार्ड घेऊन समोरच्या स्टुडिओत येतो. आधार कार्डावर माणूस जिवंतपणीच गेल्यासारखा दिसत असल्याने निम्मं काम सरकारनेच उरकलेलं असतं. स्टुडिओवाला त्या चेहऱ्याला कोट आणि टाय चढवतो, मागे धबधबा सोडतो, आणि जन्मभर शेतात वखर हाणलेला माणूस स्वित्झर्लंडला जाऊन जगदेवच्या हातात पडतो. मग जगदेव पट्टी कापतो, काच बसवतो, मागून पाठ लावून खिळे ठोकतो आणि त्या माणसाला कायमचा बंद करून टाकतो.

या धंद्यात तीस वर्षं काढूनही जगदेवने एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. त्याला दिसायचं ते माप. लग्न ठरवायच्या वेळी मुलगी पाहून घरी आला तेव्हा आईने विचारलं, कशी आहे पोरगी? तर हा म्हणाला, पाच फूट दोन इंच. तीच रत्नमाला पुढे त्याची बायको झाली. ती अंगणवाडी सेविका आहे, आणि गावातल्या दोन पिढ्यांना तिने 'अ'पासून शिकवलंय. नवऱ्याला तेवढं काही शिकवता आलं नाही.

जगदेवची दुसरी खासियत म्हणजे काच. दुकानाच्या मागच्या खोलीत काचांची थप्पी उभी असायची, तरी गिऱ्हाईक दारात दिसलं की तो आधीच हात वर करून सांगायचा, "काच अकोल्याहून यायची हाय." ही काच कधी कधी दोन दोन महिने अकोल्याहून निघालेलीच नसायची. लोकांनाही ते ठाऊक होतं. अकोल्याहून चालत आली असती तरी पोहोचली असती, असं म्हणून ते पुढच्या सोमवारी परत यायचे.

तिसरी खासियत पाठ. फ्रेमच्या मागे कोरा पुठ्ठा लावायचा असतो, पण जगदेवला कोरा पुठ्ठा वाया घालवणं म्हणजे पाप वाटायचं. जुनं कॅलेंडर, साड्यांचं खोकं, लग्नाची उरलेली पत्रिका, हाताला जे लागेल ते तो कापून मागे ठोकायचा, वर खाकी कागद चिकटवून द्यायचा. कोणी हटकलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: "पाठीले कोन पाह्यते?"

आता त्याच्या सासऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याच्या जंगलापासून सुरू झाला.

सासरा म्हणजे गोविंदा. इंग्रजांच्या वेळच्या एका डाक बंगल्यावर तो चौकीदार होता. बंगला पाडायला काढला तेव्हा टेबलं-खुर्च्या साहेब लोकांच्या घरी गेल्या, दारं-खिडक्या ठेकेदाराकडे गेल्या, आणि भिंतीवरचं एक भलं मोठं काळंकुट्ट चित्र कोणालाच नको होतं म्हणून गोविंदाच्या घरी आलं. बंगला पाहायला आलेल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने सांगितलं होतं की हे दोनशे वर्षांपूर्वीचं विलायती छापील चित्र आहे. त्या काळात तिकडच्या लोकांना घनदाट जंगल, वादळ आणि हिंस्र जनावरं यांचं फार वेड होतं. फक्त जनावरं कोणी पाहिलेली नव्हती, हे चित्र पाहूनच कळत होतं. मधे एक उन्मळलेला प्रचंड वृक्ष. त्यावर सिंह, पण चेहरा असा की जणू उसने दिलेले दागिने परत मागायला आलाय. पलीकडे अस्वल, दात विचकणारं रानडुक्कर, उधळलेली हरणं, फांदीवर माकडासारखं काहीतरी. उजवीकडे एक धिप्पाड जनावर साऱ्या जगाकडे पाठ करून उभं होतं. नुसता मागचा भाग आणि शेपूट. तो बैल की रेडा की वाघ, हे काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

गोविंदा लिहायला शिकला तो चांगला बाप्या माणूस झाल्यावर, आणि शिकल्यावर त्याने पहिलं काम हे केलं की फ्रेम खोलून एकेका जनावराखाली पेन्सिलीने नाव लिहिलं. सिंहाखाली 'मोठे साहेब'. अस्वलाखाली 'तहसीलदार'. डुकराखाली 'पटवारी'. हरणांच्या कळपाखाली 'पब्लिक'. जन्मभर ज्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला, ती सगळी मंडळी त्याने एका भिंतीवर आणून टांगली, आणि रोज संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन त्यांचे कारभार सांगितले. आज तहसीलदाराला मधमाश्या चावल्या. आज पटवाऱ्याने स्वतःचंच शेत उकरलं. रत्नमाला विचारायची, बाबा, यात तुम्ही कोणते? गोविंदा म्हणायचा, मीही यातच आहे, धुंड. तिने सगळं जंगल पालथं घातलं, पण तिला बाप कधी सापडला नाही.

नऊ वर्षांपूर्वी गोविंदाच्या घराची भिंत ओली होऊ लागली, तेव्हा त्याने ते चित्र लेकीला देऊन टाकलं. एस.टी.त काच तडकली. "घरचाच तं फ्रेमवाला हाय," असं म्हणून रत्नमालाने चित्र नवऱ्याच्या हवाली केलं, आणि घरात पुढच्या खोलीत त्यासाठी खिळा ठोकून ठेवला. जगदेवने जुनी फ्रेम मोडली आणि चित्र फडताळावर ठेवलं. पुढच्याच आठवड्यात एप्रिलची जयंतीची घाई आली. तालुकाभरातून फ्रेमांच्या ऑर्डरी, त्यात नेहमीच्या गेलेल्या माणसांच्या फोटोंची भर, पुठ्ठा संपलेला, गिऱ्हाईकं डोक्यावर बसलेली. जगदेवचा हात फडताळावर गेला. जाड, कडक, मोठा कागद हाताला लागला. पाठीला यापेक्षा चांगला माल नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने तो कापलाही नाही, कारण माप बरोबर होतं. मारले खिळे.

घाई ओसरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय ठोकून बसलो. पण तोवर फ्रेमा गावोगाव गेल्या होत्या, आणि कोणत्या मेलेल्या माणसाच्या मागे सासऱ्याचं जंगल गेलं हे त्याला आठवेना. घरी रत्नमालाने विचारलं, काय झालं चित्राचं? जगदेवच्या तोंडून सवयीने निघून गेलं, काच अकोल्याहून यायची आहे.

नऊ वर्षं ती काच येत राहिली. गोविंदा लेकीकडे आला की त्या रिकाम्या खिळ्याखाली बसायचा आणि विचारायचा, जावईबापू, माहं जंगल कुठवर आलं? जगदेव म्हणायचा, पुढच्या हप्त्यात. गेल्या वर्षी गोविंदा गेला, तेव्हाही खिळा रिकामाच होता. जगदेवने सासऱ्याच्या फोटोला मात्र दुकानातली सगळ्यात भारी पट्टी लावली. त्याने मन शांत होईल असं त्याला वाटलं होतं, पण झालं नाही.

वर्ष भरत आलं. येत्या रविवारी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. भंतेजी येणार, सोयरेधायरे येणार. सोमवारी सकाळी रत्नमालाने भाकरी थापता थापता सांगितलं, आवाज न चढवता. "रविवारी बाबा भिंतीवर असन आन् त्याईचं जंगल त्याईच्या बाजूले. त्याईच्या हातचं लिवलेलं मले दुसरं काईच नाई. मले त्यात बाबा धुंडाचा हाय. काच नसन आली तं बिनाकाचेचं लावा."

तीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाईकाला न सुचलेलं वाक्य बायकोला सुचलं होतं. जगदेव अर्धी भाकरी ताटात सोडून उठला.

दुकानात जाऊन त्याने डोकं लावलं. चित्रं त्याला आठवत नसली तरी मापं आठवत होती; लोकांच्या दारी जाऊन आपलीच चूक उघडी करायची तयारी मात्र नऊ वर्षं नव्हती. त्या एप्रिलमधे त्या मापाच्या फ्रेमा गेल्या तीन. एक जऊळक्याला, एक मंगरूळपिरातच, एक मानोऱ्याकडच्या तांड्यावर. त्याने पक्कड, खिळे आणि कोऱ्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे घेतले, दुकानाला कुलूप लावलं आणि मोपेडला लाथ मारली. लोकांना सांगायचं कारणही तयार ठेवलं: जुन्या पाठीला कसर लागते, म्हणून फुकटात बदलून देतोय. जगदेव खिल्लारे काहीतरी फुकट देतोय यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

जऊळक्याला स्टेशनामागे लिलाबाई राहते. तिचे यजमान शाळेत गुरुजी होते. अतिशय सोवळा माणूस, मुलांना शर्टाचं वरचं बटनही उघडं ठेवू द्यायचा नाही. जगदेवने गुरुजींना खाली उतरवलं, खाकी कागद फाडला, आणि मागून निघाला बनियनच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर एक मिशीवाला पैलवान, अंगात फक्त बनियन आणि चड्डी, दंड फुगवून हसत होता. नऊ वर्षं गुरुजी आणि तो पाठीला पाठ लावून उभे होते. जगदेव घाईघाईने पुठ्ठा झाकायला गेला, पण लिलाबाईने चष्मा पुसून नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली की हा राहू दे, वाया कशाला घालवतोस, आणि पुठ्ठा उचलून आत घेऊन गेली.

मंगरूळपिरातली फ्रेम ठेकेदार विनोदच्या बैठकीत होती. त्याचे वडील एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीत पडले होते आणि त्या धक्क्यातून मरेपर्यंत सावरले नव्हते. पाठ काढली तर ज्याने त्यांना पाडलं त्याचंच पोस्टर, हात जोडलेलं, खाली 'आपला नम्र'. विनोदने जे काही ऐकवलं त्यात जगदेवच्या सात पिढ्या येऊन गेल्या. दुपारपर्यंत ही बातमी बसस्टँडवर पोहोचली, आणि गावात घरोघरी लोक आपापले पूर्वज उलटे करून पाहू लागले. कोणाच्या आजोबामागे मटणाच्या मसाल्याची जाहिरात निघाली, कोणाच्या आत्यामागे दहावीच्या गणिताचा पेपर. झेरॉक्सवाल्याने फोन करून सांगितलं, आज दुकान उघडू नको.

राहिला तांडा. तिथे जंगल नसलं तर रविवारी त्या खिळ्याला मलाच टांगा, असं सांगायची पाळी येणार होती.

मानोऱ्याच्या पुढे, माळावर, तो तांडा. सगळे ऊस तोडायला गेलेले. घरांना कुलपं, ओट्यावर कुत्रीसुद्धा मोजकीच. म्हातारी कमलीबाई एकटी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. जगदेवने रामराम केला, कसरीची गोष्ट ऐकवली आणि लालसिंगच्या फोटोची चौकशी केली. लालसिंग म्हणजे तिचा नवरा. कमलीबाईने बोटानेच आत दाखवलं. जगदेव उंबऱ्यातून आत डोकावला आणि तिथेच उभा राहिला.

भिंतीवर त्याची फ्रेम होती, त्याची पट्टी होती, त्याचीच काच होती. पण काचेमागून लालसिंग नाही, सिंह पाहत होता.

"लालसिंग कुठं गेला?" जगदेवने विचारलं.

"थो भितीकडं तोंड करून हाय," कमलीबाई म्हणाली. "फ्रेम पडली होती एक डाव. उचलाले गेली तं मांगून हे निंगालं. मी पाह्यलं, यापेक्षा हेच बरं. मंग ईळ्यानं खिळे काढले आन् पलटून देलं. लालसिंग जिता होता तवाबी माह्याकडं त्याची पाठच होती. तांडा उसाले गेला का सहा महिने मले हेच जिनावरं सोबत. बोलत नाई, पेत नाई, काई मांगत नाई."

दिवाळीला ती लालसिंगला एक दिवस पुढे काढायची, हार घालायची आणि दुसऱ्या दिवशी परत भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

जगदेवने मग खरं काय ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकापुढे त्याला अकोला आठवलं नाही. हे माझ्या बायकोचं आहे, तिच्या बापाच्या हातचं लिहिलेलं आहे, मी चुकून मागे ठोकलं. कमलीबाईने शेवटची शेंग सोलली आणि म्हणाली, "तिचं हाय तं तिले घेऊन ये. बायकोची वस्त बायकोच्या हाती देईन. तुह्या हाती देऊन पाह्यलीच हाय तिनं."

मानोऱ्याहून परतताना जगदेवने मोपेड तीनदा थांबवली. तिन्ही वेळा त्याने एखादी थाप जुळवून पाहिली, पण तांड्यापर्यंत बायकोला नेईल अशी एकही थाप सापडली नाही. घरी येऊन त्याने चपला न काढताच सगळं सांगून टाकलं: फडताळ, घाई, खिळे, नऊ वर्षं. रत्नमाला ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले वाटलं, तुमी इकलं."

एवढंच. नऊ वर्षं ती हे मनात धरून त्याला जेवायला वाढत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. जगदेवला शरमेने खाली बसावंसं वाटलं, आणि तो बसलाच, दारातच, चपलांच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी रत्नमालाने रजा टाकली आणि दोघं तांड्यावर गेले. ती आत गेली, भिंतीपुढे उभी राहिली, आणि पेन्सिलीच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवर, काचेवरूनच, बोट फिरवत राहिली. कमलीबाईला वाचता येत नव्हतं. खाली काय लिहिलंय ते सांग, असं तिने म्हटल्यावर रत्नमालाने एकेक नाव वाचून दाखवलं. म्हातारीनेही इतक्या वर्षांत आपली नावं ठेवली होती, त्यामुळे ताळा सुरू झाला. मोठे साहेब तिच्याकडे मुकादम होते. पटवारी तिचा दीर निघाला. पब्लिक मात्र दोघींकडे पब्लिकच होती, फक्त कमलीबाई तिला तांडा म्हणायची.

"आन् हे पाठवालं?" कमलीबाईने उजवीकडचं ते धिप्पाड जनावर दाखवलं. "हा मी लालसिंग धरला."

रत्नमालाने पदर तोंडाला लावला. मग वाचलं, "जावई."

दोघी इतक्या हसल्या की कमलीबाईला बाज धरून बसावं लागलं. जगदेव पुढे झाला आणि काचेला नाक लावून पाहू लागला. खरंच लिहिलेलं होतं. लग्नानंतर कधीतरी सासऱ्याने फ्रेम खोलून त्याची सोय लावली होती, आणि हा कागद दोन्ही हातांत धरून, उलटा करून, खिळे मारतानाही त्याने ते पाहिलं नव्हतं. त्याने मग सिंह पाहिला, त्याचा तो ओशाळा चेहरा पाहिला, उधळलेल्या हरणांतलं एक मागे वळून पाहतंय हे पाहिलं. माप सोडून काहीतरी त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

पण कमलीबाईची सोबत तोडायची कशी? तोडगा रत्नमालानेच काढला. मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि फ्लेक्सवाल्याकडून या चित्राचा दाराएवढा फ्लेक्स काढून द्यायचा, खाली म्हातारीने ठेवलेली नावं टाकून. शिवाय रविवारी जंगलासोबत कमलीबाईनेही यायचं. म्हातारीने मान डोलावली आणि जगदेवला पक्कड उचलायला सांगितलं.

त्याने फ्रेम बाजेवर पालथी घातली, लालसिंगला बाजूला केलं आणि चित्र अलगद बाहेर काढलं. सवयीने त्याची नजर कडेवर गेली. कोणतीही फ्रेम चित्राची बोटभर कड आपल्या खाचेत गिळते. चौकटीतून पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. हे फ्रेमवाल्याला माहीत असतं. डाक बंगल्याच्या चौकीदाराने एकदा फ्रेम खोलल्यावर त्यालाही कळलं असणार. डाव्या हाताला, अगदी तळाशी, त्या गिळलेल्या पट्टीत, झुडपामागे दोन ससे बसले होते. एक मोठा, कान टवकारलेला. एक पिटुकला, त्याच्या पोटाशी. मोठ्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मी'. पिटुकल्याखाली, 'रत्ना'.

जगदेवने चित्र बायकोच्या हातात दिलं आणि त्या कोपऱ्यावर अंगठा धरला.

रत्नमालाने वाचलं. परत वाचलं. मग ती तुरीच्या टरफलांतच बसली आणि लहान पोरीसारखी रडली. कमलीबाईने काय लिहिलंय ते विचारलं नाही. तिने उठून पाण्याचा गडवा आणला.

शेवटी रत्नमालाने डोळे पुसले, चित्र छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "काच आली काहो अकोल्याहून?"

"आली," जगदेव म्हणाला.

त्याच संध्याकाळी लालसिंगच्या मागे कोरा पुठ्ठा लागला, आणि जगदेवने सासऱ्याच्या जंगलाला अशी फ्रेम केली की पट्टीने कडेचा एक केसही गिळला नाही. चित्राभोवती पांढरा कागद सोडून पट्टी दूर बसवली. रविवारी भंतेजींनी वंदना घेतली, लोकांनी गोविंदाच्या फोटोला फुलं वाहिली, आणि मग एकेक जण शेजारच्या चित्रापुढे जाऊन वाकून कोपरा पाहू लागला. रत्नमाला प्रत्येकाला ससे दाखवत होती. कमलीबाई खुर्चीवर बसून तहसीलदाराचे कारभार आपल्या मनाने सांगत होती. जेवणाच्या पंगती बसायच्या आधी, बातमी ऐकून जऊळक्याहून आलेली लिलाबाई जगदेवजवळ आली आणि तिने हळूच विचारलं, ते एवढं मोठं जनावर पाठ करून उभं आहे, ते कोण?

जगदेव पाण्याचे ग्लास मांडत होता. त्याने वर पाहिलं आणि सांगितलं, "मी."